सात वर्षांच्या मुलीला कॉलेजकुमारांचा संगीतपट दाखवावा का?

आधी सेन॑सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र बघा. २०२४पासून यूएचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे चित्रपट) ७+, १३+, १६+ असे तीन भाग झालेत. ही बंदी नव्हे, पालकांसाठी सूचना. १३+ असेल तर कोथरूडला तिकिटं काढायची घाई नको. ओटीटीवर येऊ द्या, रिमोट आपल्या हातात राहतो.

ट्रेलरवर विसंबू नका, त्यात नुसता नाच असतो. खरी गोम गाण्यांच्या शब्दांत. मुलं गोष्ट विसरतात, ध्रुवपद मात्र महिनाभर गुणगुणतात, तेही नेमकं पाहुण्यांसमोर! म्हणून गाणी आधी शब्द वाचत ऐका. मग मध्यंतरानंतरची वीस मिनिटं बघा: पार्टी, दारू, ब्रेकअप बहुधा तिथेच. चुंबनाला लहान मुलं 'ईऽऽ' करून मोकळी होतात. वर्गासमोर केलेली टिंगल जास्त लागते. तो प्रसंग किती लांबलाय, ते पाहूनच ठरवा.