नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात पक्षी बघायला पहिल्यांदा जातोयस ना?

पहाटेच निघ. सूर्योदयाला चापडगावच्या बाजूला पोहोचलास तर निम्मं काम झालं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी बंधाऱ्यामागे गाळ साचून ही पाणथळ तयार झाली. २०२० मध्ये ती राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. निफाडची थंडी हलक्यात घेऊ नकोस, कानटोपी घे. आणि भडक जॅकेट घरीच ठेव.

दुर्बीण ८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची, पुरे. कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी डोळे तयार होऊ देत.

पहिल्या दिवशी दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे लागू नकोस. वारकरी बघ. काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, नाव उगाच नाही पडलं. पसरून चरणारे वारकरी अचानक एकमेकांना खेटून गोळा झाले की लगेच वर बघ. बहुतेक वेळा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणवनस्पतींवरून कमी उंचीवर घिरट्या घालत येत असतो. हे कळायला मला दोन हिवाळे लागले, त्याआधी मी नुसता वारकरी मोजत बसायचो!

थापट्या बदक ओळखायला सोपा: फावड्यासारखी चोच पाण्यात घालून डावी-उजवीकडे फिरवत राहतो, गाळून खातो. तांबूस-केशरी बदकांची जोडी दिसली तर चक्रवाक, लडाख-तिबेटकडचा पाहुणा.

आणि फोटोसाठी थवा उडवू नकोस. स्थलांतरात झिजलेली चरबी त्यांना इथेच भरून काढायची असते. तसं करणारे भेटतील, त्यांच्या शेजारी उभाही राहू नकोस.