वॉशिंग मशीनमधले पाणी बाहेर जात नाही, तेव्हा बोर्ड बदलावा की ड्रेन पंप?

म्हापशाच्या आपल्या घरातले सहा वर्षांचे फ्रंट लोड मशीन कपडे नीट धुते, पण धुऊन झाल्यावर पाणी आतच राहते. त्या वेळी खालून थोडा वेळ घरघर येते, मग सगळे शांत होते, आणि पाहायला आलेल्या कारागिराने बोर्ड (मशीनचे काम चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदलायला सांगितले आहे, असे आपण लिहिता. माझे मत आधीच सांगतो. घरघर ऐकू येत असेल, तर बोर्डावरचा संशय तूर्त बाजूला ठेवावा, कारण पाणी काढण्याच्या वेळी पंपाला वीज पोहोचवणे एवढेच बोर्डाचे काम असते आणि ती पोहोचल्याशिवाय पंप घरघरत नाही.

फ्रंट लोडमधला ड्रेन पंप, म्हणजे पाणी बाहेर फेकणारा पंप, साधारण 30 वॅटचा, अगदी साध्या रचनेचा असतो. बाहेर तांब्याच्या तारेची स्थिर कॉइल, आत चुंबकाचा रोटर (फिरणारा भाग) आणि त्याच्या दांड्यावर प्लास्टिकचे पाते. कॉइलला 50 हर्ट्झची वीज मिळाली की चुंबक फिरू लागतो. काही अडकल्यामुळे त्याला फिरता आले नाही, तर तो जागच्या जागी थरथरतो, आणि तीच आपल्याला ऐकू येणारी घरघर. असा अडकलेला पंप लवकर तापतो. पुष्कळ पंपांमध्ये तापल्यावर वीज तोडणारे संरक्षण असते, म्हणून तो थोड्या वेळाने गप्प होतो आणि गार झाल्यावर पुन्हा आवाज करू लागतो. आपल्याकडे आवाज बंद पडतो तो बहुधा यामुळेच, किंवा ठरावीक वेळात पाणी न गेल्याचे ओळखून मशीन स्वतःच थांबत असावे.

हे इतक्या खात्रीने लिहितो, कारण चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेले असताना फोंड्याला आमच्याकडे हेच घडले, आणि सांगितल्याप्रमाणे मी आधी बोर्डच बदलून घेतला. नव्या बोर्डावरही पाणी जागचे हलले नाही. शेवटी पंप सोडवला, तेव्हा पात्याच्या दांड्याभोवती केस आणि दोरे घट्ट गुंडाळलेले होते, त्यांनी पाणी अडवणारी सील झिजवली होती आणि रोटरच्या पोकळीत लाल गाळ जाऊन बसला होता. आमच्याकडे धुण्याला विहिरीचे पाणी आहे आणि पावसाळ्यात ते जांभ्याच्या मातीने लाल होते. आपल्याकडेही विहिरीचे पाणी वापरात असेल, तर ही शक्यता आधी तपासावी.

मशीन वॉरंटीत असेल, तर काहीच उघडू नये. नसेल, तर नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग सॉकेटमधून काढावा, नळ बंद करावा आणि गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल, तर पाणी निवेपर्यंत थांबावे. पावसाळ्यात मागच्या पडवीतली फरशी ओलसर असते, तेव्हा पायांत रबरी चपला असाव्यात.

आधी ड्रेनची नळी पाहावी. ती मशीनच्या मागे भिंतीशी चेपलेली नाही ना, तिचे टोक सांडपाण्याच्या पाइपात फार खोल गेलेले नाही ना, हे तपासायला पाच मिनिटेही लागत नाहीत. त्यानंतर पुढच्या बाजूची खालची छोटी झडप उघडावी. तिथे बारीक नळी असेल, तर तिचे बूच काढून पसरट ताटात पाणी काढत राहावे. अनेक लिटर निघते, त्यामुळे ताट वारंवार रिकामे करावे लागते. पाणी ओसरल्यावर त्याच झडपेमागचा फिल्टर डावीकडे फिरवून हळूहळू काढावा. त्यात नाणी, केसांच्या पिना, मुलांच्या खिशातले चिंचोके, काहीही सापडते.

फिल्टर काढल्यावर त्या भोकात विजेरी मारली की आत पंपाचे पाते दिसते. ते बोटाने फिरवून पाहावे, आणि इथे नवखा माणूस हमखास फसतो. चांगले पाते पंख्यासारखे सैल फिरत नाही. चुंबकामुळे ते अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरते, आणि तो अडथळा म्हणजे बिघाड नव्हे. पाते अजिबात हलत नसेल, तर ते अडकले आहे. ते कसलाही विरोध न करता गरगर फिरत असेल, तर त्याचा चुंबकाशी असलेला जोड तुटलेला असतो. अशा पंपाची मोटर चालल्यासारखी वाटते, पण पाणी बाहेर पडत नाही. फिल्टर साफ करून आणि गुंडाळलेले दोरे चिमट्याने काढून पाते मोकळे झाले, तर आधी मशीन चालवून पाहावे. पंप विकत घेण्याची वेळ कदाचित येणारही नाही.

तेवढ्याने भागले नाही, तर पंप काढावा लागतो. काही मशीनमध्ये पंपापर्यंत पुढच्या खालच्या पट्टीमागून पोहोचता येते, काहींत मागच्या पत्र्यातून आणि काहींत तळातून. तळातून जायचे असेल, तर ते एकट्याने करू नये. आत तोल सांभाळणारी काँक्रीटची वजने असल्याने सात किलो कपड्यांचे मशीनही साठ किलोच्या आसपास भरते. दोघांनी ते मागे कलते करून भिंतीला टेकवावे आणि खाली लाकडी ठोकळा द्यावा. तारा काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा. तारा धरून ओढू नयेत, टोकाचे कनेक्टर धरून सोडवावेत. पंप बहुधा फिल्टरच्या घरट्याला तीन स्क्रूंनी किंवा पिळून बसवण्याच्या खाचांनी जोडलेला असतो, त्यामुळे सगळे घरटे न बदलता फक्त मोटरचा भाग बदलता येतो.

आता मल्टिमीटर (विजेची मापे घेणारे छोटे यंत्र) ओमवर ठेवून पंपाच्या दोन टर्मिनलांमधला, म्हणजे तारा जोडायच्या टोकांमधला, रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) मोजावा. चांगल्या पंपाचा आकडा साधारण 150 ते 200 ओमच्या आसपास येतो. मीटरने काहीच दाखवले नाही, तर कॉइल तुटली आहे. जेमतेम काही ओम आले, तर ती आत शॉर्ट झाली आहे, आणि याच कारणासाठी बोर्ड बदलण्यापूर्वी पंप मोजलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे: शॉर्ट झालेला पंप बोर्डावरचा त्याचा स्विच जाळतो, आणि तोच पंप तसाच ठेवून नवा बोर्ड लावला, तर तोही जाळू शकतो. आकडा योग्य असूनही पाते जाम असेल, तरी पंप बदलावाच.

पंपाच्या अंगावरच्या स्टिकरवर त्याचा मॉडेल क्रमांक, व्होल्टेज आणि वॅट छापलेले असतात. दुकानात जाताना जुना पंप सोबत न्यावा आणि हे आकडे, स्क्रूंची जागा व टर्मिनलांची दिशा जुळवून घ्यावी. किमतीत तो बोर्डाच्या मानाने फारच स्वस्त पडतो. आपल्या दमट हवेत तारांच्या टोकांवर हिरवट गंज चढतो. टोके हिरवी पडली असतील, तर नवीन लग (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) लावून घ्यावेत. मशीनच्या पोटात शिरलेल्या उंदरांनी तारा कुरतडल्या नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहावे. रबरी सील कोरडी आणि स्वच्छ करून बसवावी, तिच्यावर सिलिकॉन फासू नये.

सगळे जोडून झाल्यावर मशीन सरळ उभे करावे, ड्रममध्ये दोनेक लिटर पाणी ओतावे, खाली जुने वर्तमानपत्र पसरावे, आणि मगच प्लग लावून फक्त पाणी काढण्याचा प्रोग्रॅम चालवावा. कागदावर एक थेंब पडला, तरी तो लगेच दिसतो. नवा पंप जराही आवाज करत नसेल आणि तारा शाबूत असतील, तर मात्र बोर्डाकडे वळण्यास आधार आहे. त्या वेळी चालू विजेवर बोर्ड तपासण्याचे काम जाणकारावर सोपवावे. ते घरी करू नये.

आपण पंप मोजाल, तेव्हा येणारा आकडा आणि पाते हाताला कसे लागले, हे कृपया इथे लिहावे. त्यावरून पुढचे सांगता येईल.