तिच्या बसण्याला नाव काय?

"एवढं शिकवलं, नोकरी चालून आली, तरी घरात बसून आहे." मालवण-वेंगुर्ल्याकडच्या आईवडिलांकडून दर महिन्याला हे ऐकते, म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

जून महिना. आई सांगत होती, "मॅडम, चेडू आळशी झाला. कुडाळची नोकरी बारा दिसात सोडल्यान." बीकॉम झालेली मुलगी मान खाली घालून शेजारी बसलेली. पहिल्या दोन भेटींत ती जेमतेम बोलली. तिसऱ्या भेटीत मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. म्हटलं, नोकरीच्या त्या बारांपैकी एक दिवस लिही, उठल्यापासून निजेपर्यंत.

पहाटे साडेचारला पाणी. मग अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं. संध्याकाळी कुडाळहून मालवणला पोचेपर्यंत गावची शेवटची एसटी गेलेली. रोज कुणाला तरी न्यायला बोलवायचं आणि बोलणी खायची.

"अर्धं तिकीट आहे ना?" आईने विचारलं.

"तिकीट अर्धं आहे गो, गाडीच नाही."

मी आईला विचारलं, "मुलगा काय करतो सध्या?"

"बंदी आसा, तो काय करतलो?"

मग तीच गप्प झाली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून मुलाच्या बसण्याला घरात मान्य कारण होतं. मुलीचं कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्या शांततेत मी मुद्दाम काही बोलले नाही. माझ्या वहीत 'आळशी' हा शब्द मी कधीच लिहीत नाही, तो अशा क्षणांमुळे.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९७९ साली स्टॅनफर्डच्या व्याख्यानात विचारलं होतं: समता, पण कशाची? हातात काय दिलं एवढंच मोजू नका, त्यातून माणसाला खरोखर काय करता येतं ते बघा, असं त्यांचं म्हणणं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे, ते चांगलंच आहे. पण संध्याकाळची फेरी नसेल तर त्या सवलतीची नोकरी होत नाही. सेन यांचंच दुसरं उदाहरण मी पालकांना आवर्जून सांगते. उपास आणि उपासमार, पोट दोन्हीकडे रिकामंच. उपास करणाऱ्यापुढे ताट असतं, एवढाच फरक. तुमची मुलगी घरी आहे, तर तिच्यापुढे ताट होतं का, हे आधी तपासा. आजारी माणसाचं कोण करतं, गाडी कितीला सुटते, पगार कुणाच्या हातात जातो, हे विचारा. "का जात नाहीस?" हा प्रश्न त्यानंतरचा. एसटीच्या वेळेसाठी ग्रामसभेत अर्ज द्या. ते सरकारचं काम आहे, मुलीच्या जिद्दीवर ढकलू नका.

त्या घरात आजीची सकाळ भावाने घेतली. गाडीचा अर्ज गेला, वेळ अजून बदललेली नाही. मुलगी गावातल्याच मच्छीमार सोसायटीचे हिशेब बघते. कुडाळहून पुन्हा बोलावणं आलं आणि भाऊ न्यायला-आणायला तयार होता, तरी तिने नको म्हटलं.

"पगार थयसर जास्त होतो," आई अजून म्हणते.

"माहीत आहे," मुलगी म्हणते, आणि खतावणी उघडते.