वाळवंटातील घर: वाचकांचे प्रश्न

मागील अंकात थरच्या वाळवंटातील घरबांधणीवर एक लेख प्रसिद्ध झाला होता. जाड भिंती, आतला चौक आणि पावसाच्या पाण्याचे टांके यांच्या आधाराने घडलेली मारवाडी घराची रीत आजच्या कुटुंबालाही उपयोगी पडू शकते, असे त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न: लग्नानंतर मी जोधपूरला स्थायिक झाले. शहराबाहेर ४० बाय ६० फुटांच्या जागेवर आम्ही सहा जणांसाठी दुमजली घर बांधणार आहोत. सासूबाईंना चौक आणि दगडी भिंती हव्यात. कंत्राटदाराच्या मते चौकात जागा वाया जाते. आरसीसीचा सांगाडा, पातळ भिंती आणि खोलीगणिक एसी हेच स्वस्त पडेल. जुन्यातले नेमके काय ठेवावे? (एक वाचक, जोधपूर)

उत्तर: आमचे मत सासूबाईंच्या बाजूने आहे, मात्र ते जुन्याच्या ओढीपोटी नाही. मे महिन्यात जोधपूरला दुपारी पारा ४० अंशांच्या वर असतो आणि पहाटे तो २७-२८ पर्यंत उतरतो. या फरकावरच तिथल्या घराचा सगळा हिशेब बसवलेला असतो. ४५ सेंटिमीटर जाडीच्या दगडी भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोहोचायला साधारण १० ते १२ तास लागतात, म्हणजे दुपारचे ऊन आत येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते आणि तोवर खिडक्या उघडलेल्या असतील तर ते रात्रीच्या वाऱ्याबरोबर निघूनही जाते. चार इंची भिंतीतून तीच धग संध्याकाळीच, ऐन जेवणाच्या वेळेला, घरात हजर होते.

सगळ्याच भिंती जाड केल्या तर जागा खूप जाते, हे मात्र खरे आहे. म्हणून जाडी प्रामुख्याने पूर्वेला आणि पश्चिमेला द्यावी, आणि पश्चिमेकडे जिना, न्हाणीघर, कोठीची खोली अशा जागा काढाव्यात, म्हणजे तिसऱ्या प्रहराचे ऊन आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, त्यांच्यावरच थोपतील. जुन्या मारवाडी घरात धान्य आणि मौल्यवान वस्तू ठेवायची ‘ओरा’ नावाची अंधारी खोली सर्वांत आत असे. आपल्याकडच्या माजघरासारखी ती उन्हापासून सर्वांत दूर राही. आज तीच जागा दुपारी अभ्यासाला किंवा लॅपटॉपवर काम करायला द्यावी. दक्षिणेची फारशी चिंता नको. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जोधपूरला जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दोन फुटांचा छज्जाही खिडकी सावलीत ठेवतो, आणि डिसेंबरात सूर्य खाली उतरला की तेच ऊन छज्जाखालून आत येते.

खरा शत्रू म्हणजे छत. दिवसभर सर्वांत जास्त ऊन तेच झेलते. निवासी इमारतींतील ऊर्जाबचतीसाठी केलेल्या केंद्र सरकारच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घालून दिलेली आहे, नुसत्या आरसीसी स्लॅबमधून त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता येते. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर घालावा, खाली फॉल्स सीलिंगच्या रूपात नव्हे, कारण स्लॅबचे वजन घराच्या आतल्या, थंड बाजूला राहिले पाहिजे. वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी किंवा दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याची सफेदी पुरेशी होते. जोधपूरमध्ये दगडी पट्ट्यांचे छत करणारे कारागीर आजही मिळतात. एखादे दालन तरी तसे करून पाहावे.

चौक १२ ते १४ फुटांचा असावा. त्याहून रुंद केला तर भिंतींची सावली तळाला पुरत नाही. भरदुपारी ऊन सरळ खाली येणारच, तेव्हा वरून जाड कापड सरकवता येईल अशी तार बसवून घ्यावी आणि सूर्य मावळताच ते कापड न चुकता बाजूला करावे, म्हणजे रात्री तापलेली जमीन आकाशाकडे मोकळी होते आणि गार हवा तळाशी साचते. जैसलमेरच्या जुन्या वस्तीत घरे एकमेकांना खेटून असतात आणि अरुंद गल्ल्यांमुळे शेजाऱ्याची सावली आपल्याला फुकट मिळते. तुमच्या मोकळ्या जागेवर ही सोय नाही, म्हणून तुम्हाला चौकाची गरज त्यांच्याहून अधिक आहे.

आता आराखड्याआधी ठरवायची एक गोष्ट: सकाळी आठच्या आत सगळ्या खिडक्या बंद करणे आणि रात्री त्या उघडणे हे काम घरात कोण करणार? हे होणार नसेल तर जाड भिंतींवरचा खर्च वाया जाईल, कारण दिवसभर उघड्या राहिलेल्या दगडी घरातली धग रात्रभर हटत नाही. खिडक्या रात्री निर्धास्त उघड्या ठेवता याव्यात म्हणून गज आणि डासांची जाळी पहिल्या अंदाजपत्रकातच धरा. तयार साच्यातले झरोके दर्शनी भिंतीला चिकटवण्याची सध्या मोठी हौस आहे. त्यांचा उपयोग शून्य. दगडी जाळी मात्र अवश्य करावी. स्त्रियांच्या पडद्याची प्रथा गेली तर उत्तमच, पण जाळीतून येणारी सावली आणि वारा घालवण्याचे कारण नाही. एसी एकाच खोलीला, आजारपण आणि पावसाळ्यातल्या दमट दिवसांसाठी, असावा.

टांक्याचा हिशेब सोपा आहे. १०० चौरस मीटरच्या छतावर वर्षाला ३०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी २४ हजार लिटर पाणी साठते. सहा माणसांना पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज १० लिटर धरले, तर वर्षाची गरज २२ हजारांच्या आतच राहते. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून द्यावे.

प्रश्न: १९९३ च्या किल्लारी भूकंपात आमच्या भागातली जाड भिंतींची धाब्याची घरेच माणसांवर कोसळली. असे असताना आपण जाड भिंतींची शिफारस कशी करता? (एक वाचक, लातूर)

उत्तर: आपला आक्षेप रास्त आहे. त्या घरांच्या भिंती गोलट दगड मातीच्या गाऱ्यात रचून केलेल्या होत्या, त्यांच्या दोन पदरांना बांधणारे आरपार दगड बहुधा नव्हते, आणि गळती थांबवण्यासाठी धाब्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेल्याने छताचे वजन वाढत गेले होते. जाडी असावी, पण ती बांधलेली असावी: आरपार दगड, जोते आणि दरवाजांच्या माथ्यावर काँक्रीटचे पट्टे, आणि वर हलके छत. म्हणूनच वरच्या उत्तरात छतावर मातीचा भार न सुचवता उष्णतारोधक थर सुचवला आहे. कच्छच्या बन्नी भागातले ‘भुंगा’ नावाची गोल, गवती छपराची घरे २००१ च्या भूकंपात चांगली टिकली, कारण गोल भिंतीला उघडा पडणारा कोपरा नसतो.

वाळवंटात पाण्याचाही विचार करावा लागतो. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात पूर आला, तेव्हा मातीची घरे अक्षरशः विरघळली, आणि कवास गावात जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे पाणी कित्येक दिवस मुरेना. त्यानंतर ‘सीड्स’ या संस्थेने तिथे बांधलेली घरे रूपाने जुन्या गोल झोपड्यांसारखीच आहेत, पण त्यांच्या विटा थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या आहेत. परंपरा जपताना तिच्यातले कच्चे दुवे कसे बदलावेत, याचा यापेक्षा चांगला नमुना आमच्या पाहण्यात नाही.

प्रश्न: आम्ही दुबईला राहतो. अल फहिदी भागातल्या जुन्या घरांवरचे, वरचा वारा पकडून खाली घरात सोडणारे वाऱ्याचे मनोरे पाहिले, पण ऑगस्टमध्ये त्यांच्याखाली उभे राहूनही घाम थांबत नव्हता. निवृत्तीनंतर बिकानेरजवळ बांधायच्या घरावर असा मनोरा उपयोगी पडेल का? (एक वाचक, दुबई)

उत्तर: घाम थांबला नाही याचे कारण समुद्र. दुबईची हवा उन्हाळ्यात दमट असते आणि रात्रीही फारशी निवत नाही, त्यामुळे तिथला मनोरा हवा थंड करत नाही, फक्त ती अंगावरून वाहती ठेवतो. इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी तो प्रकार तिथे रुजवला. इराणमधल्याच कोरड्या यझ्दमध्ये मनोऱ्यातून येणारी हवा पाण्यावरून नेली की ती खरोखर गार होते. बिकानेरची हवा मे-जूनमध्ये यझ्दसारखी कोरडी असते, पण तिथे आंधी येते आणि उघडा मनोरा घरभर वाळू ओतेल. शिवाय साधा कूलर तेच काम कमी खर्चात करतो. त्याऐवजी जिन्याची खोली गच्चीपासून सात-आठ फूट वर न्यावी आणि वारा जिकडून येतो त्याच्या विरुद्ध बाजूला तिला झडपा ठेवाव्यात, म्हणजे रात्री घरातली गरम हवा जिन्यातून वर निघून जाईल. झडपांना बारीक जाळी लावावी, आणि आंधी दिसताच खालूनच ओढून त्या बंद करता येतील अशी साखळी जोडून घ्यावी.