प्राचीन ग्रीसच्या चांदीच्या नाण्यावर कासव का असतं?

ते नाणं एजिना बेटाचं. अथेन्ससमोरचं हे बेट दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं, म्हणून समुद्री कासव, असं सहसा सांगतात. इ.स.पू. सहाव्या शतकात ही नाणी पाडायला लागले. ग्रीसमधल्या अगदी सुरुवातीच्या चांदीच्या नाण्यांत यांची गणना होते. वजन साधारण १२ ग्रॅम, आपल्या तोळ्याहून किंचित जास्त.

उलटून पाहा: मागे चित्रच नाही, नुसता खोल चौकोनी खड्डा. चांदीची चकती ठशावर ठेवून वरून ठोकणी मारायचे, तिचीच ही खूण. कासवाचे पाय वल्ह्यासारखे असतील तर नाणं जुन्या घडणीचं. पाचव्या शतकात त्याच्या जागी जमिनीवरचं कासव आलं, कवचावर ठळक खवले असलेलं. मला विचाराल तर पहिलंच देखणं, कडा ओबडधोबड असल्या तरी.