स्क्रीन रीडरला दाद न देणाऱ्या शॉपिंग साइटवरून एआय असिस्टंटकडून खरेदी जमते का?
वस्तू शोधणं, निवडणं जमतं, पण पैसे भरायचं काम त्याच्यावर सोडू नका. मला दिसत नाही, फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरवर चालवतो आणि महिनाभर हे करून बघतोय. साइज चार्ट बहुतेक वेळा नुसता फोटो असतो, टॉकबॅक तिथे 'इमेज' म्हणून गप्प, असिस्टंटला विचारलं की एल साइजची छाती किती इंच, बाही अर्धी का पूर्ण, सगळं वाचून दाखवतो, एवढ्यासाठी तरी वापराच. अडतं ते पुढे, कारण ज्या बटनाला कोडमध्ये नावच दिलेलं नाही ते मला 'अनलेबल्ड' ऐकू येतं आणि पानाचा कोड वाचून चालणारा असिस्टंटही तिथे माझ्यासारखाच चाचपडतो, एकदा एका शर्टाऐवजी दोन टाकून बसला होता. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी कार्ट स्वतः ऐका:
- साइज आणि नग
- पत्ता
- डिलिव्हरी चार्ज धरून एकूण रक्कम

ओटीपी, यूपीआय पिन त्याला अजिबात सांगायचा नाही, कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर बेस्ट. फक्त रंगाच्या बाबतीत जरा जपून, फोटोवरून तो मरूनला सरळ लाल म्हणतो, त्यामुळे रिटर्न मिळतं का ते आधी विचारा.