वापरणारे वाढले, तरी भाव का हलतो?

प्रिय मित्रा,

बिटकॉइनच्या भावातल्या चढउतारांचा आलेख काढताना तू धरून चाललायस की वापरणारे वाढले की भाव आपोआप स्थिरावतो. हे गृहीतक अर्धंच खरं आहे. 2013च्या शिखरावरून भाव सुमारे 85 टक्के पडला, 2017च्या शिखरावरून 84 आणि 2021च्या शिखरावरून 77. मधल्या काळात वापरणारे कितीतरी पटींनी वाढले, घसरण मात्र एवढीशीच उथळ झाली.

कांद्याला भाव आला की पुढच्या हंगामात लागवड वाढते. बिटकॉइनमध्ये मायनर, म्हणजे संगणकाने कोडी सोडवून नवी नाणी मिळवणारे, वाढले तर दर 2016 ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा) कोड्यांची काठिण्यपातळी चढते, नाणी ठरल्या वेगानेच निघतात. मागणीचा सगळा हेलकावा भावावरच येतो.

म्हणून डोकी मोजू नकोस, ऑर्डर बुक बघ, म्हणजे एक्स्चेंजवर कोणत्या भावाला किती खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी लागल्यात त्याची यादी. समज, चालू भावाच्या एक टक्का खालपर्यंत 40 बिटकॉइनच्या खरेदी ऑर्डरी लागल्या आहेत. कुणी बाजारभावाने एकदम 60 विकले, की तो थर संपतो आणि उरलेले 20 आणखी खालच्या भावाला जातात. तिथेच 400च्या ऑर्डरी असत्या, तर भाव जेमतेम हलला असता. भावाजवळच्या ऑर्डरींचा हा साठा म्हणजे बाजाराची खोली. ती रविवारीही तपास. बिटकॉइन धरणारे अमेरिकी ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात विकले जाणारे फंड, तेव्हा बंद असतात. आणि रुपयातले भाव घेऊ नकोस. जुलै 2022च्या 1 टक्का टीडीएसनंतर भारतातल्या एक्स्चेंजवरची उलाढाल आटली, त्यामुळे तुला पातळ बाजाराची खळबळच मोजायला मिळेल.

आता चढउतार मोजायचं गणित. रोज एकाच वेळेचा बंद भाव घे, आजच्या भावाला कालच्याने भागून लॉग काढ, 30 दिवसांचं प्रमाण विचलन (हे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) घे आणि 365च्या वर्गमुळाने, म्हणजे 19.1ने गुण. शेअर बाजारातलं 252 (वर्षातले व्यवहाराचे दिवस) इथे चालत नाही, कारण हा बाजार सुटी घेत नाही. रोजचं विचलन 2.5 टक्के असेल तर वर्षाचं उत्तर 48 टक्के येतं. 252 वापरलंस तर 40, आणि वाचणाऱ्याला वाटतं बाजार निवळला. दुसरी फसगत: मोठ्या पडझडीचा दिवस 30 दिवसांच्या चौकटीतून बाहेर पडला की आलेख धाडकन खाली येतो. बाजारात त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं. शेजारी 365 दिवसांची रेषाही काढ.

लिव्हरेज, म्हणजे उधारीवर केलेला सौदा, विसरू नकोस. दहापट उधारीवरची पोझिशन भाव दहा टक्के पडायच्या आधीच एक्स्चेंज विकून टाकतं, त्या विक्रीने भाव आणखी पडतो, मग पुढची पोझिशन जाते. ईटीएफ येऊन पावणेदोन वर्षं झाली होती, तरी 10 ऑक्टोबर 2025च्या पडझडीत क्रिप्टो बाजारात 19 अब्ज डॉलरहून जास्त पोझिशन अशा सक्तीने बंद (लिक्विडेट) झाल्या.

तुझ्या आलेखाखाली ओपन इंटरेस्ट (अजून उघड्या असलेल्या वायदा सौद्यांची बेरीज) आणि एक टक्क्याची खोली त्याच तारखांनी मांड. तो ऑक्टोबरचा आठवडा आधी काढून पाठव.